न्यूयॉर्कची रंगीत तालीम

तिकिटं आल्याचं कळलं तेव्हा मॅगीज कोव्ह या आमच्या गावात सगळ्यांना आनंद झाला, आणि फिलोमिना कोठीच्या खोलीत जाऊन पिठाच्या पिंपावर बसली. दार आतून ओढून घेतलं. बाहेर स्वयंपाकघरात तिचा नवरा गस फोनवर लेकीशी मोठमोठ्यानं बोलत होता, मजेला नावाची तिची नणंद चहा ओतता ओतता मध्येच फोनकडे तोंड करून सूचना देत होती, आणि इकडे फिलोमिना अंधारात पिंपाची कड घट्ट धरून होती.

लेक कॅरल-ॲन तिकडे अल्बर्टात तेलाच्या कंपनीत नोकरीला. तिनं आईबापांना सप्टेंबरातली जहाजाची सफर करून दिली होती. न्यूयॉर्कहून बोट सुटणार आणि उबदार पाण्याच्या बेटांना फिरवून आणणार. बोटीची फिलोमिनाला काडीची भीती नव्हती, उभा जन्म होड्यांत गेलेला. भीती होती ती बोट सुटायच्या आधीच्या दोन दिवसांची. ते दोन दिवस न्यूयॉर्कात राहून शहर बघायचं होतं. कुठं जायचं, कसं जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यातच खरी मजा असते, असं लेक म्हणाली. म्हणायला काय जातंय? ती अल्बर्टात बसलेली.

मजेलानं कोठीचं दार उघडलं. "इथं काय अंडी उबवतेयस? बाहेर ये. गाव पेढे मागेल आता, आणि तू अशी तोंड पाडून."

"पीठ किती उरलंय ते बघत होते," फिलोमिना म्हणाली.

"बसून?"

आता फिलोमिना भित्री होती असं कुणी समजू नये. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर भित्र्या बाया टिकत नाहीत. एका हिवाळ्यात गसची होडी परतली नाही तेव्हा हिनं टेकाडावर एकटीनं डांबराचं पिंप पेटवून रात्र जागवली होती, आणि सकाळी नवरा घरी आल्यावर त्याला आधी जेवायला घालून मग शिव्या घातल्या होत्या. कॉड मासळी धरणं सरकारनं बंद केली तेव्हा गावातले बापे धक्क्यावर बसून रडत होते आणि ही शहाणी लोकरीचे मोजे विणून विकत होती. धीर तिच्याकडे चिक्कार होता. नव्हती ती फक्त वाट.

ती सात वर्षांची असताना बायकांबरोबर गावामागच्या माळावर ब्लूबेरी वेचायला गेली होती. माळावर चकवा लावणाऱ्या त्या छोट्या माणसांचा वावर. त्यांचं नाव घ्यायचं नसतं. लेकरांच्या खिशात पावाचा तुकडा घालून पाठवायचं म्हणजे ती वाटेला जात नाहीत, ही जुनी रीत. पोरीनं पाव अर्ध्या वाटेतच खाऊन टाकला. मग चकवा लागला. रोजचा माळ परका झाला, बायकांच्या हाका कधी पुढून यायला लागल्या, कधी मागून, कधी जमिनीतून. दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या गावच्या दलदलीत सापडली, एक बूट नाही, आणि नाताळपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. कुणी म्हणालं त्यांनी पोर बदलून दिली, कुणी म्हणालं वेड लागलं. गावाची तोंडं काय, बाराही महिने मोकळीच असतात.

तेव्हापासून तिचा एकच नियम: समुद्र दिसला पाहिजे. दुकानात जाताना समुद्र उजव्या हाताला, येताना डाव्या. समुद्र नजरेआड झाला की तिच्या डोक्यातल्या दिशा पुसल्या जायच्या आणि पाय आपोआप पळायला बघायचे. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तरी हे तिनं गसला नीट सांगितलं नव्हतं. लहानपणी चकवा लागला होता एवढं त्याला ठाऊक होतं, तसं ते साऱ्या गावालाच ठाऊक होतं. तो समजत होता, मोठेपणी ते गेलं.

आणि नेमकं आताच गसचे डोळे चालले होते. काचबिंदू. सेंट जॉन्सच्या डॉक्टरनं गेल्या नाताळाच्या आधी सांगितलं होतं की कडेचं दिसणं गेलंच आहे, मधलंही फार दिवस राहणार नाही. म्हणून तर लेकीनं घाई केली. बाबांना दिसतंय तोवर जग दाखव, आई. गावात गसचं काही अडत नव्हतं. घराच्या पायऱ्या, चर्चचा उतार, सिरिलचं दुकान, सगळं त्याच्या पायांना पाठ. चुकून कुठं भरकटलाच तर कुणीही त्याच्या दंडाला धरून चहाला घरी नेलं असतं आणि मग आणून सोडलं असतं. न्यूयॉर्कात त्याला कोण चहाला नेणार होतं? तिथं त्याचा हात फिलोमिनाच्या हातात असणार. म्हणजे जिला वाट सापडत नाही तिनं, ज्याला वाट दिसत नाही त्याला न्यायचं. हात सुटला की माणूस गेला. ती रोज झोपताना हेच बघायची: अनोळखी गर्दी, आणि आपला रिकामा तळहात.

गस मात्र पोरासारखा खूश होता. त्याचा बाप तरुणपणी न्यूयॉर्कात उंच इमारतींच्या लोखंडी सांगाड्यांवर काम करायचा. आमच्या खाडीतली कितीतरी माणसं तेव्हा तिकडं जायची. डोलकाठीवर चढणाऱ्याला उंचीचं कसलं आलंय? बापानं ज्या इमारतीवर रिव्हेट ठोकले ती इमारत अजून उभी होती.

"मला त्या भिंतीला हात लावायचाय," गस म्हणायचा. "बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल."

झालं, बेत ठरवायला सुरुवात झाली. शाळेच्या बाईंकडून मजेलानं नकाशा छापून आणला आणि फिलोमिनानं तो खडूनं स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोठा करून काढला. हॉटेल म्हणजे चुलीचा पाय. इमारत म्हणजे पाण्याची बादली. शहर बेटावर आहे हे बघून पहिल्यांदा तिच्या जिवात जीव आला. दोन्ही बाजूंना पाणी! मग काय, एक हात पाण्याकडे ठेवला की झालं.

"रस्त्यावरून पाणी दिसतं ना रे?" तिनं सिरिलला विचारलं. सिरिल दुकानदार; तरुणपणी मालवाहू बोटीवर असताना तो न्यूयॉर्कला एक रात्र उतरला होता, आणि त्या एका रात्रीवर तो चाळीस वर्षं बोलत आला होता.

"पाणी?" सिरिल हसला. "अगं, तिथं आभाळ दिसलं तर नशीब समज. दोन्ही बाजूंना भिंती आणि मध्ये माणसंच माणसं. कुणी कुणाकडे बघत नाही. धक्का मारतात आणि पुढं जातात. राम राम नाही, काही नाही."

"नमस्कारही करत नाहीत?"

"तू रस्त्यात मरून पडलीस तर ओलांडून जातील."

"तुझ्या जिभेला काही हाड?" मजेला म्हणाली. "उंटावरून शेळ्या हाकतोय मेला. एक रात्र गेला, तीही दारूच्या गुत्त्यात काढली."

पण बाण लागायचा तिथं लागला होता. फिलोमिनानं त्या दिवशी सगळा बेत पुसला आणि नवा केला. एकच सरळ रस्ता. वळण नाही. पहिल्या दिवशी हॉटेलातून इमारत, इमारतीवरून हॉटेल. दुसऱ्या दिवशी हॉटेलातच बसायचं, आणि मग टॅक्सीनं बोट.

मजेला कमरेवर हात ठेवून त्या खडूच्या एका रेघेकडे बघत राहिली. "हे शहर बघणं म्हणायचं? इतका खर्च करून एक भिंत बघायची? आणि जेवणार काय?"

"घरून पाव नेते."

"दोन दिवस पाव? लोक म्हणतील गस मुलाउनीच्या घरात दुष्काळ पडलाय."

"कोण लोक? तिथं कुणी कुणाकडे बघत नाही म्हणे."

गस खुर्चीत बसून हसत होता. फिलोमिनानं मग दुसरी वाट धरली. गुडघा दुखतो म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुसरा गुडघा. सेंट अँथनीपुढं मेणबत्ती लावली, कारण हरवलेलं तो शोधून देतो. मजेलानं ऐकवलं की तो किल्ल्या शोधतो, नवरे नाही. शेवटी एकदा भांडी घासता घासता फिलोमिना पाठमोरीच म्हणाली, "गस, तू मजेलाला घेऊन जा ना. तिला हौस आहे."

"मजेला रस्ताभर बोलेल," गस म्हणाला. "मला गाड्या ऐकू येणार नाहीत."

"मला खरंच नाही जमायचं रे."

"का?"

तिनं ताट दोनदा घासलं. मग सांगितलं. समुद्राचं, दिशांचं, पळायला बघणाऱ्या पायांचं, सगळं सांगून टाकलं. गस हातातला कप गोल फिरवत राहिला. वाईट वाटलं असेल त्याला. पंचेचाळीस वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसाचं हे आपल्याला माहीत नसावं म्हणजे काय? मजेला तिथंच होती, ती कधी नसते? तिला मात्र गप्प बसणं ठाऊक नव्हतं.

"गर्दीचीच भीती आहे ना तुला? अनोळखी तोंडांची?" ती म्हणाली. "मग गर्दी करू. सवय होईल."

"कुठून करणार? गावात माणसं किती, आणि सगळी तर मी न्हाऊ घातलेली."

"नाताळात कुठून करतो?"

नाताळात आमच्याकडे सोंगं निघतात. तोंडावर पडदा, पोटात उशी, बायकांच्या अंगावर नवऱ्यांचे कपडे, बाप्यांच्या अंगावर झगे, आणि बोलायचं ते श्वास आत ओढत, म्हणजे आवाज कळत नाही. सोंगं दारात आली की घरात घ्यायची आणि एकेकाला ओळखायचं. ओळखेपर्यंत सोंगानं तोंडावरचा पडदा काढायचा नाही. सख्खा शेजारीही त्या रात्री परका वाटतो, आणि पोरं घाबरून पलंगाखाली शिरतात. मजेलाचं म्हणणं असं की हेच जूनमध्ये करू. रविवारच्या प्रार्थनेनंतर गावानं सोंगं घ्यायची आणि चर्चपासून धक्क्यापर्यंत येजा करत राहायचं, नमस्कार न करता, धक्के मारत. चर्च हे हॉटेल. धक्क्याच्या टोकाची मासळीची वखार ही ती इमारत. फिलोमिनानं गसला धरून न्यायचं, भिंतीला हात लावू द्यायचा आणि परत आणायचं.

गाव तर असल्या गोष्टींना टपलेलंच. फिलोमिना नको नको म्हणत होती. पण गस म्हणाला, "करून बघू, फिलो. इथं जमलं तर तिथं जमेल," आणि तिचा नाइलाज झाला. इथं नाही जमलं तर काय, हे कुणीच विचारलं नाही.

त्या रविवारी धुकं होतं. जूनमध्ये कॅपलिन मासळी किनाऱ्याला लागते तेव्हा धुकं ठरलेलंच, पण हे असं दाट की चर्चच्या फाटकातून समोरचा रस्ताही दिसेना. फिलोमिनानं गसचा हात धरला, बोटांत बोटं अडकवली, आणि निघाली.

सुरुवातीला गंमतच वाटली. पहिलं सोंग लंगडत आलं. सिरिलचा गुडघा कुणाला कळणार नाही? दुसऱ्यानं गसचा खांदा घासला आणि पुढं गेलं. "हे न्यूयॉर्कवाले फार उद्धट बुवा," गस म्हणाला, आणि तिला हसू आलं. कुणीतरी ट्रकचा भोंगा वाजवत होतं. कुणी पिंप बडवत होतं. दुकान ओलांडेपर्यंत तिची पकड जरा सैलही झाली होती.

मग पायाखाली धक्क्याच्या फळ्या आल्या आणि गर्दी दाटली. पुढून सोंगं, मागून सोंगं. धुक्यातून एकदम समोर यायची आणि बाजूनं निघून जायची. या गावात आजवर तिच्याजवळून कुणी न बोलता गेलं नव्हतं. भांडण असलं तरी माणूस मान हलवून जायचा. आता एकामागून एक बिनचेहऱ्याची माणसं जात होती आणि तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. हे कोण? तिला सांगता येईना. हे? तेही येईना. तिनं समुद्र कुठल्या हाताला आहे ते बघायला मान वळवली, तर धुकं. कान दिला, तर पाणी दोन्ही बाजूंनी वाजत होतं, पायांखालूनही वाजत होतं. एक जाळीचा पडदा तिच्या तोंडाशी आला, आतून कुणीतरी श्वास ओढला, आणि पडदा गेला.

त्यानंतरचं तिला आठवत नाही. भान आलं तेव्हा ती चर्चच्या मागच्या कुंपणाला धरून उभी होती आणि तिच्या अंगातला कोट उलटा होता, अस्तर बाहेर. चकवा लागला की कोट उलटा घालायचा असतो. तो तिनं कधी काढला, कधी उलटा केला, कुणाला ठाऊक. श्वास लागला होता. दोन्ही हातांनी तिनं कुंपण धरलं होतं.

दोन्ही हातांनी.

ज्याची रोज रात्री भीती वाटायची ते तिनं करून ठेवलं होतं, आणि तेही न्यूयॉर्कात नाही, आपल्याच गावात, आपल्याच माणसांत. ती उतारावरून धावली. एकदा घसरून गुडघ्यावर पडली, उठली, पुन्हा धावली. भोंगा थांबला होता. पिंपही थांबलं होतं. धक्क्यावर कुणीच काही बोलत नव्हतं, आणि एवढी माणसं गप्प का आहेत हे कळेपर्यंत ती मरून मरून गेली.

सोंगं अर्धवर्तुळात उभी होती. सिरिलनं तोंडावरचा पडदा वर केला होता आणि ओठांवर बोट ठेवलं होतं. त्यांच्यापुढं, धक्क्याच्या कडेला, जिथं कठडा नाही तिथं गस पाठमोरा उभा होता. ओहोटी होती. खाली पाणी हातभरच उरलं होतं, त्यातून दगड वर आले होते. त्याच्या डाव्या बुटाचं टोक कडेच्या बाहेर गेलं होतं.

"जवळ येऊ देत नाही," सिरिल कुजबुजला. "मजेला गेली तर म्हणाला, तू फिलो नाहीस, हात लावू नकोस. आम्ही आणखी पुढं गेलो आणि तो दचकला तर..."

मजेला उशीच्या अभ्र्याआड रडत होती. फिलोमिना पुढं झाली. धावावंसं वाटत होतं आणि धावता येत नव्हतं. दोन पावलांवर आल्यावर ती म्हणाली, "मी आहे," आणि दोन्ही मुठींत त्याचा कोट धरून तिनं त्याला मागं ओढलं. दोघंही फळ्यांवर बसली.

"इमारत किती लांब राहिली?" गसनं विचारलं.

तिनं त्याच्या कोटावरची मूठ सोडली नाही.

घरी आणल्यावर सोंगं मागोमाग आत आली. कुणी हसत नव्हतं, पण सोंग न ओळखता माघारी जात नाही, म्हणून बिचारी भिंतीला टेकून उभी राहिली. फिलोमिनानं गसला खुर्चीत बसवलं, चुलीत लाकूड घातलं, किटली ठेवली. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "मी जाणार नाही. कॅरल-ॲनला मी सांगते. मी तुझा हात सोडला, गस. इथं सोडला, तिथं काय करीन?"

"आधी यांना मोकळं कर," गस म्हणाला. "उकडत असेल त्यांना. ओळख."

"मला काही सुचत नाहीये."

"ओळख ना."

तिनं मेल्या आवाजात नावं घेतली. दाराशी सिरिल. त्याच्या शेजारी त्याची बायको. खिडकीशी मजेला. घरात आल्यावर सगळी कळत होती, एक चूक झाली नाही.

"सिरिलनं घातलंय काय?" गसनं विचारलं.

"बघ की."

"तू सांग."

तिनं मान वर केली. गस हसऱ्या तोंडानं चुलीच्या धुराड्याकडे बघत होता. तिथं कुणी नव्हतं. सिरिल दाराशी होता, दुपारच्या उजेडात, त्याच्यापासून चार हातांवर, आणि त्याच्या अंगावर लालभडक झगा होता. फिलोमिना गसच्या पुढ्यात गेली. त्याच्या डोळ्यांसमोर हात धरला. हलवला. पापणी हलली नाही.

आणि मग एकेक करून सगळं तिच्या ध्यानात आलं. पाठ दुखते म्हणून त्यानं जाळी विणणं सोडलं होतं. सिरिल लबाडी करतो म्हणून पत्ते सोडले होते. टीव्हीसमोर बसायचा आणि मान खाली घालून ऐकायचा. आपण किती आंधळ्या, असं तिच्या मनात आलं.

"कधीपासून?"

"खाडीतला बर्फ गेला तेव्हापासून," गस म्हणाला. "उजेड कळतो. बाकी काही नाही."

मग मजेलाच ती, तिला राहवलं नाही. "मग न्यूयॉर्कला काय बघायला चाललायस रे बाबा?"

"हात लावायला. शंभरदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. आणि डोळे गेले म्हणून सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, आता जाऊन काय उपयोग."

फिलोमिना मोरीशी गेली आणि कठडा धरून उभी राहिली. अंधुक दिसणाऱ्या माणसाचा हात सोडला असं ती समजत होती. त्याला निदान कड तरी कळली असेल, असं कुठंतरी मनाला समजावत होती. आता तेही उरलं नाही. पूर्ण काळोखात असलेल्या माणसाला तिनं दगडांच्या वर उभं करून सोडलं होतं.

"मी मारलं असतं तुला," ती म्हणाली.

"हो," गस म्हणाला. त्यानं ते नाकारलं नाही, आणि त्याबद्दल ती पुढं कायम त्याची ऋणी राहिली. "जन्मात इतका घाबरलो नव्हतो, फिलो. डोळे गेले तेव्हाही नाही. पण हललो नाही. एक पाऊल टाकल्यावर बूट पुढं अधांतरी वाटला आणि तिथंच थिजलो. धुक्यात होडी काय करते? नांगर टाकते. तिथंही तसंच करू. हात सुटणार. तू पळणार. पळ. मी असेन तिथून हलणार नाही, कुणी ओढलं तरी नाही. तुला सबंध शहर शोधायचं नाहीये. एक म्हातारा शोधायचाय, तोही उभा."

"आणि मागून गाडी आली तर?" मजेला म्हणाली.

"गाडीवाल्याला डोळे असतील ना?"

कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. फिलोमिना हसली नाही. तिला काही त्या नांगराच्या गोष्टीनं धीर आला नव्हता. उलट आधी जी भीती होती तिच्या दुप्पट आता होती, कारण आता भीतीला चेहरा होता, कडेबाहेर गेलेला बूट होता. नाही म्हणण्याची हीच वेळ होती. ती नाही म्हणाली असती तर गावात कुणी तिला बोल लावला नसता, गसनंही नाही. तो याच खुर्चीत बसला असता, आजच्यासारखा चुलीकडे तोंड करून, आणि पुन्हा कधी कशाला हात लावायचाय असं म्हणाला नसता. ते तिला आत्ताच दिसत होतं. त्यानं ती आणखी घाबरली.

ती पुन्हा नाही म्हणाली नाही, येऊन त्याच्या शेजारी बसली. त्याचा हात घेतला. दोघांचेही हात गार होते.

"सिरिलनं लाल झगा घातलाय," ती म्हणाली. "बायकोचा. मागून शिवण उसवलीय, आत लोकरीची चड्डी दिसतेय. छातीशी दोन बटाटे घातलेत, त्यातला एक पोटावर उतरलाय."

गस हसायला लागला. "आणि?"

"मजेलानं उशीचा अभ्रा घातलाय. त्यावर लिपस्टिकनं तोंड काढलंय. रडून ते सगळं ओघळलंय. भूत बरं दिसेल."

"अगं, पण अभ्रा कुणाचा आहे ते नको का सांगायला?" मजेला नाक ओढत म्हणाली. "तुझाच आहे."

"आणि तू?" गसनं विचारलं.

"मी काय? मी कुठं सोंग घेतलंय?"

"तू आत्ता कशी दिसतेस?"

खोलीतली सगळी सोंगं तिच्याकडे बघत होती. एवढ्या माणसांत एकट्या गसलाच ती दिसत नव्हती, आणि विचारत तोच होता. फिलोमिनानं अंगावरच्या उलट्या कोटाकडे बघितलं.

"घाबरलेली," ती म्हणाली.

"ते ऐकू येतंय मला," गस म्हणाला. "बाकीचं सांग."